शाबूत कानांचा दाखला

आमच्या घरात हळू बोलणं हा उद्धटपणा समजतात. नवीन पाहुणा आला की पहिली पाच मिनिटं त्याला वाटतं, आपण ऐन भांडणात येऊन पडलो. मग चहा येतो आणि त्याच्या लक्षात येतं की ही माणसं एकमेकांना फक्त साखर किती घालू ते विचारताहेत. याचं सगळं श्रेय माझ्या मोठ्या मावशीला. तिने घराला हे वळण लावलं आणि तिला ते कापडाच्या कारखान्याने लावलं.

मावशी एकतीस वर्षं साचे चालवत होती. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. त्यात धोटा नावाचा लाकडाचा तुकडा सूत घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावतो आणि प्रत्येक वेळी टोकाला जाऊन थाडकन आपटतो, मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा. असे एकशेवीस साचे एका पत्र्याच्या छपराखाली. त्याला 'खातं' म्हणायचे. बाहेरचा माणूस खात्यात शिरला की आधी कानांवर हात ठेवायचा. कारखान्याच्या मालकांनीही कानांवर हात ठेवलेले होते, पण ते गावाला राहून.

मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. मावशीच्या वशिल्याने लागलो होतो, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून फार शौर्याची अपेक्षा कुणी करणार नाही.

खात्यातल्या लोकांनी त्या आवाजाशी कधी भांडण केलं नाही. एकशेवीस साच्यांशी घसा ताणून कोण जिंकणार? त्यांनी आवाजाचा नादच सोडला आणि ओठांनी बोलायला लागले. तोंड मोठं उघडायचं, प्रत्येक शब्द ओठांवर नीट मांडायचा आणि घशातून काही काढायचंच नाही. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात वाटायचं की सगळं खातं जांभया देतंय. सहा महिन्यांनी त्याला कळायचं की त्या जांभयांमध्ये त्याच्याच लग्नाची चर्चा चालली होती. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, सगळं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला धोट्याच्या वेगाने पोचायचं आणि मध्ये उभ्या असलेल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, पत्ता नसायचा. तो बिचारा बाहेरून भरती झालेला होता.

या विद्येत मावशीचा हात कुणी धरू शकत नसे. खात्यात तिला 'दुर्बीण' म्हणत. चाळीस पावलांवरचे ओठ ती वाचायची. मॅनेजरने कामगारांवर लक्ष ठेवता यावं म्हणून वरच्या मजल्यावर खास मोठ्या काचेची केबिन बांधून घेतली होती. काचेतून दोन्हीकडून दिसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो फोनवर जे बोलायचा ते मावशी खालून वाचायची. मॅनेजरचा गुप्त हुकूम माझ्याकडे टाइप व्हायला यायचा तेव्हा खात्यात त्याच्यावर दोन वेळा वाद होऊन गेलेला असायचा.

ही सवय काही कारखान्याच्या फाटकावर काढून ठेवता येत नाही. आमची सगळी वस्तीच तशी झाली होती. रस्त्याच्या दोन बाजूंच्या दोन गॅलऱ्यांमध्ये उभ्या राहून बायका तास-तासभर गप्पा मारायच्या, आणि खालून जाणाऱ्याला त्या एकमेकींकडे टक लावून उभ्या आहेत असं वाटायचं. कुणी गेलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची वेळ आली, की आमच्याकडे ती दोन मिनिटं सगळ्यात जास्त बडबडीची. उलट जिथे आवाज काढून बोलायचं तिथे सगळे गर्जना करायचे, कारण स्वतःचा आवाज केवढा निघतोय हे कुणाला कळतच नव्हतं. घरोघरची मुलंही जन्मतःच मोठ्याने रडायला शिकली. हळू रडणारं मूल आमच्याकडे उपाशी राहिलं असतं.

मावशीचं लग्न ठरलं तेही याच रीतीने. काका वाचनालयात कारकून. जन्मभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस. बघायला आले तेव्हा त्यांना झुपकेदार मिशी होती. ते काहीतरी बोलले. मावशीने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मुलगा चांगला दिसतोय, पण आधी मिशी काढा. बोलतोय काय ते कळायला नको?" काकांनी दुसऱ्या दिवशी मिशी काढली. पुढे संसारात ते आवाज न काढता बोलायचे आणि मावशी खिडक्या हादरवून उत्तर द्यायची. शेजाऱ्यांना भांडणाची एकच बाजू ऐकू यायची. त्यामुळे देवमाणसाच्या नशिबी ही बाई आली, असं काकांबद्दल सगळी वस्ती हळहळायची. काका काय काय बोलायचे ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मी हळहळत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. मावशीला ऐकू येत नव्हतं. एकदम काहीच नाही असं नाही. दार आपटलं, कुणी जवळ येऊन ओरडलं, तर काहीतरी झालं एवढं कळायचं. पण शब्द गेले होते. आणि हे तिला खात्यात कधी जाणवलंच नाही, कारण खात्यात कुणालाच ऐकू येत नव्हतं. तिथे ती सगळ्यांत हुशार होती. साचा बिघडायच्या आधी तिला पायाखालच्या फरशीतून कळायचं. चार साचे एकटी सांभाळायची आणि वर खात्याची बातमीदारी. मात्र फाटकाबाहेर पडून ती पोस्टात गेली, की खिडकीतला माणूस खाली मान घालून पुटपुटायचा, मावशी "काय?" म्हणायची, तो पुन्हा मान न उचलता पुटपुटायचा, आणि तिसऱ्या वेळी मागच्या रांगेला सांगायचा, "बहिरी आहे वाटतं." ते मात्र तो मान वर करून सांगायचा, म्हणून तेवढं तिला बरोबर कळायचं. घरी येऊन ती भांडी आपटायची. त्या चार साच्यांपाशी ती दुर्बीण होती आणि बाकी सगळ्या जगात बहिरी. तिला ते साचे का प्यारे होते, हे याहून वेगळं सांगायची गरज नाही.

मग कारखान्याला अचानक कामगारांच्या कानांची काळजी वाटू लागली. सरकारी खात्याचं पत्र आलं होतं: गोंगाटाच्या जागी काम करणाऱ्यांचे कान तपासा. आमच्या मॅनेजरने डोकं लढवून नियम काढला की ज्याचे कान बिघडलेले निघतील त्याला खात्यातून हलवायचं, त्याच्याच सुरक्षिततेसाठी. यंत्रांना हात लावायचा नाही, ती बिचारी ठणठणीत होती. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. तो नियम मीच टाइप केला, आणि 'सुरक्षितता' या शब्दाखाली रेघ मारायला सांगितली होती ती मारली.

तपासणीला एक तरुण तपासनीस आला. दवाखान्याच्या खोलीत त्याने काचेच्या दाराची एक पेटी उभी केली. कामगाराने आत बसायचं, कानांवर यंत्र चढवायचं, बारीक शिटी ऐकू आली की बोट वर करायचं. तपासनीस समोर बसून बटणं दाबणार. एका दिवसात ऐंशी जण उरकायचे होते. एकोणीस जण नापास झाले. त्यात एक होती समोरची. तिला सगळे 'समोरची' म्हणायचे कारण बावीस वर्षं ती मावशीच्या समोरच्या साच्यांवर उभी होती. दोघींनी एकमेकींशी जितकं बोलून घेतलं होतं तितकं काकांशी मावशी आणखी तीन जन्मांतही बोलली नसती. समोरची सरळ बाई. शिटी ऐकू आली नाही म्हणून तिने बोट वर केलं नाही.

मावशी मात्र पास झाली. नुसती पास नव्हे, तपासनीस उठून उभा राहिला. डावा कान, उजवा कान, मोठी शिटी, बारीक शिटी, एकही चुकली नाही. निकाल लिहून घ्यायला मी तिथेच बसलो होतो. तो मला म्हणाला, "असे कान मी कॉलेजातल्या मुलींचेही पाहिले नाहीत."

संध्याकाळी मी मावशीकडे गेलो. तिने स्वयंपाकघराचं दार लावलं आणि माझ्याशी आवाज न काढता बोलली. गुपित ओरडून सांगता येत नाही, एवढं भान तिला होतं.

"पोरगा साधा आहे," तिचे ओठ म्हणाले. "बटण दाबायच्या आधी श्वास घेतो. दाबलं की खालचा ओठ आत ओढतो. त्याला मनापासून वाटतं, मला ऐकू यावं. मी कशाला त्याचा हिरमोड करू?"

"मावशी, ही लबाडी आहे."

"लबाडी कसली? बटण दाबलेलं कळतं का, एवढंच विचारत होता. मला कळत होतं."

काका दारामागे उभे राहून ऐकायचा प्रयत्न करत होते, पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच.

इथवर सगळं गमतीचं चाललं होतं. चार साचे वाचले, कुणाचं काही गेलं नाही, असं मलाही वाटलं. पण मॅनेजर हा फुकट काही वाया जाऊ देणारा माणूस नव्हता. आठ दिवसांनी कारखान्याच्या फाटकावर मावशीचा तपासणीचा दाखला काचेच्या चौकटीत लागला. खाली मोठ्या अक्षरांत: 'एकतीस वर्षे खात्यात. कान शाबूत.' ती अक्षरं माझी. मशीनवर एवढी मोठी उठत नव्हती म्हणून हाताने काढून घेतली होती.

त्याचं कारण असं की ते एकोणीस जण गप्प बसले नव्हते. त्यांना घडी-खात्यात टाकलं होतं. तिथे कापडाच्या घड्या घालायच्या. तिथे शांतता, आणि शांततेत माणसं एकमेकांकडे न बघता, खाली मान घालून, ओठ न हलवता बोलतात. घडी-खात्याचा मुकादम पाठीमागून सांगायचा, "तो गठ्ठा उचला," आणि यांना कळायचं नाही. मग त्यांना मेमो मिळायचा: 'सांगितलेले ऐकत नाही.' तीन मेमो झाले की घरी. बहिऱ्याला ऐकत नाही म्हणून शिक्षा देणारे मेमो मी दिवसाला चार-पाच टाइप करत होतो, आणि संध्याकाळी पोटभर जेवतही होतो. समोरचीचे दोन झाले होते.

एकोणीस जणांनी अर्ज केला की कान या कारखान्यानेच घालवलेत; यंत्रांभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती घाला, कानांत घालायला बोळे द्या, आणि आम्हाला आमच्या साच्यांवर परत घ्या. मॅनेजरने उत्तरादाखल फाटकाकडे बोट दाखवलं. खात्याने कान जात असते तर एकतीस वर्षांत हिचे कसे नाही गेले? तुमचेच कान मुळात कच्चे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा सभ्य भाषेत मारता येतात, हे मला तेव्हा कळलं.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी आणि मावशी फाटकातून निघालो होतो. समोरची तिथेच उभी होती. मावशीने नेहमीसारखे ओठ हलवले, "चल, बरोबर जाऊ." समोरचीने उजवा हात उचलून आपल्या तोंडावर आडवा धरला आणि त्या हातामागून बोलली. मग निघून गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मावशीला तिचा एक शब्दही दिसला नाही.

"काय म्हणाली?" मावशीने मला विचारलं. अख्ख्या रस्त्याने वळून पाहिलं.

"काही नाही. घाईत होती."

मावशी घरापर्यंत माझ्यापुढे चालत राहिली. दारात तिने माझा दंड धरला. "तू ऐकलंस. सांग."

मी सांगितलं. समोरची म्हणाली होती, "तुझे कान शाबूत आहेत ना? मग ऐक."

मावशी पायरीवर बसली. मला तिला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. मी म्हणालो, "तू काही बोलू नकोस. आता खरं सांगितलंस तर साचे जातील, वर फसवणुकीचा ठपका येईल. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, काढ कशीतरी." बोलताना मला माझ्या नोकरीची आठवण येत होती, हे तिला माझ्या ओठांवर दिसलं असेल का, कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "घडी-खात्यात मी महिनाभर तरी टिकेन का रे?" हा प्रश्न तिने हळू विचारला. मावशीला हळू बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

पंधरा दिवसांनी सरकारी निरीक्षक आला. मॅनेजरने त्याला बरोबर जेवणाच्या सुट्टीत बोलावलं, म्हणजे एकशेवीस साचे बंद. निरीक्षकाने आवाज मोजायचं यंत्र काढून खात्याच्या मधोमध धरलं. साठेक माणसं डबे खात होती. यंत्रावर आकडा आला तो काकांच्या वाचनालयाला शोभला असता. मॅनेजर विनयाने म्हणाला, "बघा साहेब, आपणच बघा." निरीक्षक थकलेला, निवृत्तीला आलेला माणूस होता. त्याने आकडा लिहून घेतला.

मग सगळे वर केबिनमध्ये आले. मॅनेजर, निरीक्षक, एकोणीस जणांच्या वतीने समोरची, पुरावा म्हणून मावशी, आणि बैठकीची नोंद लिहायला मी. समोरची खाली मान घालून बसली होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मॅनेजरने फाटकावरची चौकट काढून आणून टेबलावर ठेवली होती.

"साहेब, ह्या त्या बाई," मॅनेजर म्हणाला. "काहीही विचारा."

निरीक्षकाने मावशीकडे पाहून विचारलं, "किती वर्षं झाली, बाई?"

"एकतीस!" पेनस्टँड थरथरलं.

"ऐकायला काही त्रास?"

मावशीने उत्तर दिलं नाही. निरीक्षकाने प्रश्न नीट, तिच्या तोंडाकडे बघून विचारला होता, त्यामुळे तो तिला कळला होता याबद्दल मला शंका नाही. तिने समोरचीकडे पाहिलं. समोरचीने मान वर केली नाही. निरीक्षकाने मौन म्हणजे 'नाही' असं समजून पेनाचं टोपण काढलं, आणि मॅनेजरने कागद सही करायच्या जागी बोट ठेवून पुढे सरकवला.

मावशी उठली. खुर्ची मागे पडली, ती तिने उचलली नाही. काचेपाशी गेली आणि खात्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आता विचारा," ती म्हणाली.

"म्हणजे?" मॅनेजर म्हणाला. "बाई, हे काय?"

निरीक्षकाने हात वर करून त्याला थांबवलं. समोरचीने आता मान वर केली होती आणि ती निरीक्षकाच्या ओठांकडे बघत होती. त्याने साध्या आवाजात विचारलं, "बाई, घरी कोण कोण असतं?"

मावशी उभी राहिली. खाली डबे खाणाऱ्या माणसांनी वर पाहायला सुरुवात केली होती.

"बाई, साचे किती आहेत तुमच्याकडे?"

तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकले होते. तिची पाठ एवढी ताठ मी कधी पाहिली नव्हती. मला उठून तिचा खांदा हलवावासा वाटला, आणि मी उठलो नाही. मी 'प्रश्न दुसरा' असं लिहिलं.

निरीक्षक दोन पावलं पुढे गेला. "बाई, इथे येऊन बसता का?" त्याने विचारलं.

मॅनेजर चौकटीकडे बघत होता. मावशी तशीच काचेकडे तोंड करून उभी होती, आणि तिला आमच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. आम्ही बोलतोय की गप्प आहोत, हसतोय की निघून गेलो, काही नाही. चार साचे, एकतीस वर्षं, सगळं तिने मागे टाकून दिलं होतं आणि ते पडल्याचा आवाजसुद्धा तिला आला नव्हता.

मग तिने मान न वळवता विचारलं, "विचारलंत का?"

निरीक्षकाने पेनाला टोपण लावलं. समोरची उठली. मावशी आणि काच यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कशीबशी शिरून ती तिच्यापुढे उभी राहिली. मावशीच्या खांद्यावरून मला तिचा चेहरा दिसत होता. तिने तोंड मोठं उघडलं, शब्द ओठांवर नीट मांडला आणि आवाज न काढता म्हणाली, "तीनदा."